एकदा ठरवा की ओ, आपण खेळायचं काय!

रेफरीनं दोन बोटं दाखवली तेव्हा आमच्या बास्केटबॉल टीमचा पोरगा अजून नाचत होता.

दोन पॉइंटनं मागे, घड्याळात तीन सेकंद, डाव्या विंगवरून शॉट, रिंगला न शिवता आत. बेंच सगळा कोर्टावर. लंबूनं टॉवेल भिरकावला तो स्कोअररच्या डोक्यावर. आणि हा रेफरी आपला शांतपणे दोन बोटं वर धरून टेबलाकडे चाललाय. थ्री नाही, टू. जिंकलो नाही, बरोबरी. पाय थ्रीच्या लाईनच्या आत होता म्हणे, आणि आतून मारलं की तीन नाही, दोनच पॉइंट. होताच. थोडाथोडका नाही, चांगला अर्धा मीटर आत.

अर्धा मीटरच का, हे आमच्या कोर्टावर पाय ठेवलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. थ्रीची लाईन २०१० साली सव्वासहा मीटरवरून पावणेसातवर गेली. आंतरराष्ट्रीय नियमात गेली. आमची पिवळी पट्टी अजून सव्वासहावरच ठाण मांडून बसलीय. पोरगा रोज संध्याकाळी त्या पट्टीला पाय लावून मारतो, मारतो, मारतो. पायाला तीच सवय. मॅचमध्ये शेवटच्या तीन सेकंदांत तो खाली वाकून बघेल होय? आणि वर आमच्या क्लबचं यंदाचं धोरण काय, तर "आपण आता थ्रीवर खेळायचं." अहो मालक, थ्रीवर खेळायचं तर थ्रीची लाईन तरी मारा की! एक डबा रंग आणि एक ब्रश. सूत रंगवण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, त्या सोलापुरात कोर्टावर एक पट्टी रंगवून मिळेना.

बरं, ते पण सोडा. बरोबरी म्हणजे काही हार नाही. ओव्हरटाईमची पाच मिनिटं हातात होती, समोरच्यांचे दोन मुख्य खेळाडू चार-चार फाऊलवर, अजून एक की बाहेर. डोकं फिरलं ते ओव्हरटाईमच्या आधी जो दोन मिनिटांचा ब्रेक मिळतो ना, त्यात.

सर आधी बोलले. बोर्डावरचा मार्कर नेहमीप्रमाणे वाळलेला, म्हणून सरांनी खिशातून खडू काढला, उकिडवे बसले आणि सिमेंटवरच अर्धं कोर्ट काढलं. "बॉल आत. लंबूला. चार पास झाल्याशिवाय कुणी रिंगकडे बघायचं नाही." दुसऱ्या पासचा बाण काढून होतोय तोवर अण्णा आले. जर्सी अण्णांची, बॉल अण्णांचे, मॅचनंतरचा वडापाव अण्णांचा, त्यामुळे अण्णांना थांबवणार कोण? अण्णा बरोबर त्या खडूच्या कोर्टावर उभे राहिले. चपलेसकट. फ्री थ्रो लाईनवर अंगठा, लंबूच्या गोलावर टाच. "सर, पोरं दमलीत. आत कुठं घुसवताय? बाहेरून मारू द्या, पडतंय आज." पडतंय! आत्ताच अर्ध्या मीटरनं मॅच घालवली की ओ!

तिकडून इंजिनियर. पुण्याला तीन-चार वर्षं काढून आलाय आणि तेव्हापासून त्याच्या हातात टॅब असतो. टॅब उन्हानं तापून बंद पडलेला, दुपारच्या मॅचला सोलापुरात दुसरं काय होणार, पण हा तोंडी चालूच. "डेटा वेगळं सांगतोय. पिक अँड रोलच खेळा, एकानं आडवं उभं राहून डिफेंडर अडवायचा आणि मग रिंगकडे वळायचं, बाकी सगळे पसरून उभे रहा." सर त्याला म्हणाले, बाळा, गप. अण्णा सरांना म्हणाले, बोलू द्या की त्याला. सर उठून उभे राहिले. त्यांचे गुडघे वाजले ते मला बेंचवर ऐकू आलं.

लंबू बाटली तोंडाला लावून तिघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्यानं अख्ख्या दोन मिनिटांत एकच प्रश्न विचारला. "डिफेन्स काय लावायचा?"

सर म्हणाले मॅन टू मॅन, एकेकानं एकेक माणूस धरा. अण्णा म्हणाले झोन, आपापली जागा धरा. इंजिनियर म्हणाला सगळं स्विच करा, माणसं अदलाबदल करा. तिघं एकाच वेळी. शिट्टी वाजली.

पुढची पाच मिनिटं मी सविस्तर सांगत नाही, बीपी वाढतं. आमचे दोघे झोनच्या जागा धरून उभे, दोघे आपापल्या माणसामागे धावतायत आणि मघाशी नाचणारा तो पाचवा मधोमध उभा राहून "स्विच! स्विच!" ओरडतोय. कुणाशी स्विच करतोस बे? समोरचे आरामात लेअप घालत होते. नऊ-दोन. ते दोन पण फ्री थ्रोचे. १८९१ साली नेस्मिथसाहेबानं टोपल्या टांगून नऊ-नऊ जणांची पहिली मॅच लावली, तेव्हा पूर्ण मॅचमध्ये एकच बास्केट पडली होती. त्यांनी खेळ त्याच दिवशी पहिल्यांदा बघितला होता. आमच्याकडे तेवढं पण कारण नाही.

आणि समोरची टीम काय फार तोफ होती का? अजिबात नाही! एकच गोष्ट येते त्यांना. टू-थ्री झोन लावायचा, म्हणजे पुढं दोघे, मागं तिघे; चुकलेल्या शॉटचा रिबाउंड ओढायचा, पळायचं. मी बघतोय तेव्हापासून तेवढंच. त्यांचा कोच टाइमआऊटला पाणी पाजतो आणि पाठीवर थाप मारतो, बस. काय करणार आहेत ते आपल्याला झोपेत पण माहीत असतं आणि तरी ते करून जातात.

टू-थ्री झोन फोडायचा कसा हे पण काही गुपित नाही. झोन उघडा पडतो दोन जागी, कोपऱ्यात आणि फ्री थ्रो लाईनवर. लंबूला खाली ढकलण्याऐवजी फ्री थ्रो लाईनवर आणून उभा करा, बॉल त्याच्या डोक्यावरून द्या, मागचा मधला डिफेंडर पुढं आला की कोपऱ्यातला मोकळा. नाही आला तर लंबूनं स्वतः वळून मारायचं. अण्णांनी बेसलाईनवरून कट मारणारा एक ठेवला तर अजून…

बघा. माझी पण चौथी स्टाईल सुरू झाली. हे सगळं मी परवा रात्री पंचांगाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं काढून ठेवलंय, बाण बिण दाखवून. मी कोण, तर बेंचवरचा नववा. दोन्ही गुडघ्यांना नी-कॅप, फास्ट ब्रेकला निघालो की अर्ध्या कोर्टात पोचेस्तोवर समोरचे परतीच्या वाटेला लागलेले असतात. काल घरी आलो तर बायको म्हणाली, "तुम्ही तर खेळलाच नाही ना, मग घसा कसा बसला?" काय सांगणार.

पण राग जात नाही तो नाहीच. कारण हे कालचं नाही. २०१५ ला अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये गोल्डन स्टेट जिंकलं आणि अण्णांना त्यांचा थ्री मारणारा स्टेफ करी दिसला, तिथनं हे सगळं सुरू झालं. त्याआधी अण्णा क्रिकेटवाले होते, सुखात होतो आम्ही. करी पावणेसातच्या पण मागून मारतो, एनबीएची लाईन सव्वासातला चिकटलेली असते, हे अण्णांना पाठ आहे. पण एनबीएच्याच ह्यूस्टन टीमचं २०१८ चं काढलं की त्यांना फोन येतो. सातवी, निकालाची मॅच, घरचं कोर्ट, हाफटाईमला अकरानं पुढे, आणि मग एकामागोमाग एक २७ थ्री चुकले. सत्तावीस! ४४ मारले, ७ पडले, घरी गेले. लाकडी कोर्ट, एसी हॉल आणि पगार डॉलरमध्ये, तरी ही गत. आपण सिमेंटवर खेळतो. त्यात वारा. संध्याकाळी तो सुटला की कोपऱ्यातला शॉट बोर्डाच्या मागे जातो.

२०२३ ला एनबीएत डेन्व्हर जिंकलं, तर आमचा लंबू रातोरात त्यांचा उंचपुरा योकिच झाला. बॉल वर न्यायचा त्यानंच, पास द्यायचे त्यानंच, पाठीमागून बिठीमागून. सहा फूट चार इंच पोरगं, मनानं सोन्यासारखं, पण त्याला स्वतःच्या पायाकडे बॉल टाकला तरी दोन हातांनी पकडावा लागतो. पावसाळा संपेपर्यंत आमचे सगळे बॉल शेजारच्या बाभळीत जात होते. मग ते बंद. का बंद झालं? कुणी सांगितलं नाही. एक दिवस सरांनी येऊन चार पास सुरू केले, इतकंच.

सरांबद्दल बोलताना जीभ जड होते, शिकवलंय त्यांनी आम्हाला. पण सर, ते चार पास शॉट मारायला तीस सेकंद मिळायचे त्या काळातले. २००० सालापासून चोवीसच आहेत. त्यातले आठ सेकंद आमचा पॉइंट गार्ड बॉल हाफलाईन पार करण्यात घालवतो, कारण तो प्रत्येक ड्रिबलला मान खाली घालतो. उरले सोळा. चार पासांतला एक लंबूच्या हातून सुटणार, एक कुणीतरी वहाणा बाहेर काढणाऱ्या प्रेक्षकाला देणार. मग शॉट कधी मारायचा, उद्या सकाळी?

आणि हे बसणार कधी, प्रॅक्टिस होते कुठं? जानेवारीत गड्ड्याची जत्रा, कोर्टावर चिटपाखरू नाही. लग्नसराईत मांडवाचे बांबू. गणपतीच्या आधी लेझीम. लेझीमवर माझा राग नाही, मीही खेळलोय, पण पोटात तुटतं हो बघताना. शंभर पोरं हलगीवर एकदम वाकतात, एकदम उठतात. इथं पाच जणांना एका दिशेला पळवता येईना. उरलेल्या दिवसांत पाणी. पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि ते नेमकं पॉइंट गार्डच्या भागात प्रॅक्टिसच्या वेळेला येतं. आईचा फोन आला की ड्रिलच्या मधूनच पळतो. त्याला बोलू पण शकत नाही, टाकी कोण भरणार. फिरायला येणारे काका लोक हात मागे बांधून चालू गेममधून आरपार जातात आणि जाता जाता म्हणतात, पास द्या रे पास द्या. काका, तुम्ही डिफेंडर अडवायच्या जागी उभे आहात!

एक सांगू? मला थ्रीचा पण राग नाही, चार पासांचा पण नाही. बॉल हातातून सुटायच्या आत तीन बोटं वर करणाऱ्या पोरांचा येतो, तो वेगळा विषय. काहीही एक धरा. चुकीचं धरा. एक अख्खा सीझन चुकीचं खेळू, वीस-वीसनं हरू, पण लंबूला झोपेतून उठवून विचारलं तर त्याला कुठं उभं राहायचं ते सांगता यावं. एवढंच मागतोय. हे मी काल वडापाव खाताना मोठ्यानं म्हणालो. इंजिनियर म्हणाला, "भैया, बेंचवरून सोपं वाटतं." त्याच्या वडापावातली मिरची मी उचलून खाल्ली आणि गप्प बसलो.

रात्री पावणेबाराला ग्रुपवर अण्णांचा व्हिडिओ पडला. कुठलीतरी युरोपातली टीम, पाचही जण सतत पळतायत, बॉल जमिनीला लागतच नाही. खाली लिहिलंय, "हे आपल्याला सूट होईल. उद्या संध्याकाळी सहाला सगळे, नवीन सिस्टीम." इंजिनियरचा अंगठा लगेच. सरांचं पहाटे गुलाबाचं फूल आणि सुप्रभात, म्हणजे व्हिडिओ बघितलाच नाही किंवा बघून हे उत्तर दिलंय. लंबूनं हात जोडलेत.

पॉइंट गार्डनं तेवढं लिहिलं, उद्या आमच्याकडे पाणी आहे, साडेसात होतील. खाली अण्णांनी विचारलंय, मग त्याच्या जागी वर बॉल कोण आणणार. आणि कुठल्या बहाद्दरानं माझं नाव टाकलंय बघतोच आता.