गोळीतलं व्हिटॅमिन सी ‘नकली’ नसतं

‘लॅबमधलं ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजेच व्हिटॅमिन सी) नकली, शरीर ते घेतच नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. फळातला आणि गोळीतला रेणू एकच; आतड्याला फरक कळत नाही. (फळात फायबर वगैरे असतं, ते वेगळं.) फरक पडतो मात्रेने: 200 मिलिग्रॅमपर्यंत जवळजवळ सगळं शोषलं जातं, एका वेळी 1 ग्रॅमच्या वर गेलात तर निम्म्याहून कमी. उरलेलं पोट बिघडवू शकतं. आंबट गोळीने जळजळत असेल तर सोडियम ॲस्कॉर्बेट (व्हिटॅमिन सीचंच सोडियम असलेलं रूप) सौम्य पडतं, पण त्याच्या 1 ग्रॅममध्ये 100 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. रक्तदाब असेल तर हे हिशेबात धरा. आणि महागडी ‘रोझ हिप’ (गुलाबाच्या फळाची) बाटली घेतलीत, तर मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा तिथेही ॲस्कॉर्बिक ॲसिडच निघतं.