वॉलवर ‘परवानगी देत नाही’ लिहून फोटो वाचत नाहीत

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘उद्यापासून फेसबुकचा नवा नियम. तुमचे फोटो त्यांच्या मालकीचे होणार. रोम कायद्यानुसार मी परवानगी देत नाही, असं वॉलवर टाका. गप्प बसलात तर ती संमती.’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो तीनदा पाठवला. नातवाच्या बारशाचे फोटो त्यांच्या प्रोफाइलवर आहेत. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

रोमचं आधी उरकते. १९९८ चा तो करार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा. वंशसंहार, युद्धगुन्हे हे त्याचे विषय. भारताची त्यावर सहीसुद्धा नाही.

आता मालकी. फोटो आपलाच राहतो, फेसबुकच्या अटींतही तसंच लिहिलंय. आपण देतो तो वापराचा परवाना, आणि तो मात्र ऐसपैस आहे: जगभरासाठी, विनामोबदला, पुढे दुसऱ्यालाही देता येईल असा. पण तो आपल्या प्रायव्हसी सेटिंगला बांधलेला असतो आणि फोटो त्यांच्या सर्व्हरवरून पुसला गेला की संपतो. खातं उघडताना आपण करार केलाय. भाडेकराराच्या अटी दारावर पाटी लावून बदलत नाहीत, तसंच हे.

‘गप्प बसलात तर संमती’ यात मात्र तथ्य आहे, आणि मला तेच खुपतं. ‘वापर चालू ठेवलात म्हणजे बदल मान्य’ हे कलम बहुतेक अटींत असतं. व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये ‘मान्य करा नाहीतर सोडा’ असं धोरण आणलं, त्यावर भारताच्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. वॉलवरच्या पोस्टनं हे झालं नसतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं संमती स्पष्ट कृतीतूनच हवी, नोटीसही मराठीतून मिळायला हवी. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार.

तोवर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. २४ तासांत पोच, ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही पटलं तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

काल काकूंचा फोन उघडून पाहिला. बारशाच्या अल्बमवर पृथ्वीगोलाचं चिन्ह, म्हणजे सगळ्या जगाला खुला. सार्वजनिक पोस्ट आणि फोटो एआय शिकवायला वापरतो, हे मेटानंच सांगितलंय. तिथे ‘मित्र’ निवडलं. काकू म्हणाल्या, ‘एवढंच होतं? मग हे कुणी आधी का नाही सांगितलं?’