गुलमर्गच्या गोंडोलावर डिस्काउंट शोधणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो : "गुलमर्गला स्कीइंगला चाललोय, गोंडोलाच्या तिकिटात कुठे डिस्काउंट मिळेल का?"

नाही मिळत. गोंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार) जम्मू-काश्मीरच्या सरकारी महामंडळाचा आहे, दर ठरलेला, तिकीट त्यांच्या वेबसाइटवर काढायचं. एका ओळखीच्या कुटुंबाला कोथरूडच्या एका एजंटाने दिलेलं कोटेशन मी पाहिलंय. तिकिटाच्या खाली 'गोंडोला असिस्टन्स' अशी वेगळी ओळ आणि तिची रक्कम मूळ तिकिटापेक्षा जास्त! असिस्टन्स कसला, तर ओळखपत्रांचे तपशील वेबसाइटवर भरायचे. घरातला दहावीतला पोरगा हे काम एका वडापाववर करेल. फक्त बुकिंग खुलं झाल्या झाल्या बसायचं, कारण सीझनमध्ये तिकिटं उरत नाहीत आणि मग ब्लॅकवाल्यांचं फावतं.

पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. पहिल्यांदा पायात स्की घालणाऱ्याला ते तिकीट हवंच कशाला? गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत जातो आणि दुसरा थेट अफरवट डोंगरावर, ३,९०० मीटरच्याही वर. तिथला उतार म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ आणि हिमस्खलनाची कायमची टांगती तलवार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. नवशिक्याने वर जाऊन फोटो काढावेत आणि गोंडोलानेच खाली यावं.

सुरुवातीचे दिवस तुम्ही खालच्या मैदानातच असता. बूट इतके कडक की घोटा वाकत नाही. एवढ्याशा चढावर खेकड्यासारखं आडवं आडवं चढायचं, मग स्कीची पुढची टोकं जवळ आणून टाचा फाकवायच्या, हा ब्रेक. तो लागेपर्यंत आपण आपटलेलो असतो. आणि पडल्यावर उठणं हा वेगळाच अभ्यासक्रम! दर रविवारी सिंहगड चढणारेही तिथे धापा टाकतात. या उतारांवर स्की घातलेल्या माणसाला ओढत वर नेणाऱ्या छोट्या ड्रॅग लिफ्ट आहेत, त्या पुरतात. वाचलेले पैसे चांगल्या प्रशिक्षकावर घाला.

तसंही खरा खर्च लिफ्टचा नसतोच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ख्रिसमस ते न्यू इयरच्या आठवड्यातलं पुणे-श्रीनगर विमानभाडं एकदा फेब्रुवारीतल्या मंगळवारच्या भाड्याशी लावून बघा. मात्र बर्फाचा भरवसा आता कुणीच देऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्यामुळे रद्द केल्यावर पैसे परत न देणारं हॉटेल कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

उत्तराखंडातल्या औलीचं म्हणाल, तर जोशीमठहून वर जाणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. काही ब्रोशरांमध्ये तो अजून दिमाखात चालू आहे. माझं मत विचाराल तर सगळ्यात स्वस्त स्कीइंग सरकारी संस्थांच्या कोर्समध्ये मिळतं. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था घ्या : राहणं, जेवण, साहित्य, शिकवणं सगळं एकाच फीमध्ये. सोय हॉटेलसारखी नाही आणि सकाळी शिट्टी वाजते, पण माणूस स्की शिकून येतो.

आता ऑनसाइटवाल्या, म्हणजे कंपनीने परदेशी पाठवलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी. अमेरिकेत व्हेलसारख्या स्की रिसॉर्टमध्ये ऐन सीझनमध्ये खिडकीवरचं लिफ्टचं एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या पुढे गेलंय. हा दर मुळी आयत्या वेळी येणाऱ्याला चाप लावायलाच ठेवलेला असतो. एपिक किंवा आयकॉन हे अनेक रिसॉर्टमध्ये सीझनभर चालणारे पास मार्चपासून विक्रीला येतात, तेव्हा सगळ्यात स्वस्त असतात, मग चढत जातात आणि एपिकची विक्री साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंदच होते. सीझनभराचा नको असेल तर मोजक्या दिवसांचा एपिक डे पासही आगाऊच घ्यायचा. बऱ्याच रिसॉर्टमध्ये फक्त नवशिक्यांच्या लिफ्टचं वेगळं, बरंच स्वस्त तिकीट असतं, ते मात्र मुद्दाम विचारावं लागतं.

म्हणजे मामा-मामींना ख्रिसमसला बोलवायचं तर भाच्याने उन्हाळ्यातच पास काढायला हवा. आणि मामांना तोवर व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायला हवी.