झाकण कोणी उघडलं?

चिरंजीवांनी एका रात्री जेवताना जाहीर केलं की, कोकोब्रेडमधली पॅटी वडापावपेक्षा भारी लागते. माझा नवरा दादरचा. त्याचा घास हातातच राहिला. मी कोल्हापूरची, त्यामुळे मला वडापावाचं एवढं सोयरसुतक नाही. पण "तो ब्रेड तुला घरी जमणारच नाही" हे पुढचं वाक्य मला झोंबलं. पोराला आईची ही कळ बरोब्बर ठाऊक आहे.

टोरांटोत राहणाऱ्यांना कोकोब्रेड सांगायला नको. वॉर्डन, बाथर्स्ट अशा मेट्रो स्टेशनांवर पॅटीचे गाळे आहेत. हळदीने पिवळीधमक झालेली, आत तिखट खिमा भरलेली जमैकन पॅटी घ्यायची आणि ती एका दुमडलेल्या, लोण्याने ओथंबलेल्या मऊ पावात, म्हणजे कोकोब्रेडमध्ये, घालून खायची. म्हणजे मैद्याच्या आवरणातलं सारण पुन्हा मैद्याच्या पावात. जमैकात शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत हेच खातात. बटाट्याला बेसनाचं आवरण घालून तो वर पावात घालणाऱ्यांनी याला नावं ठेवू नयेत, असं मी नवऱ्याला सुचवलं. त्याने ठेवलीच.

आमच्या शेजारी एक जमैकन आजी राहतात. सत्तरच्या दशकात नर्स म्हणून इथे आल्या, आता निवृत्त आहेत, आणि आपल्या दारासमोरचा बर्फ कोणी उपसला नि कोणी नाही याची गल्लीभरची नोंद त्यांच्याकडे असते. मी त्यांना कृती विचारली. त्या म्हणाल्या, "मैदा लागेल तेवढा. लोणी जास्त." जास्त म्हणजे किती? "तुला वाटतं त्याहून जास्त, डार्लिंग." बऱ्याच उलटतपासणीनंतर हाती लागलं ते असं: मैदा अर्धा किलो, यीस्ट 7 ग्रॅम, पाव लिटर कोमट दूध, एक अंडं, थोडी साखर, मीठ आणि लोणी. पिठात लोणी, घडीत लोणी, भाजायच्या आधी वरून लोणी, भाजल्यावर पुन्हा लोणी. नारळाचं दूध काही जण घालतात, आजी घालत नाहीत, आणि घालणाऱ्यांबद्दलचं त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

मग त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. "मळून झालं की झाकून ठेव आणि तिथून निघून जा."

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. आमच्या घरात झाकलेलं भांडं उघडून न बघता त्याच्या बाजूने जाऊ शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. दूध उघडून बघतात, कुकरची वाफ जिरायच्या आत झाकणाशी झटापट करतात, काल रात्रीची आमटी कालचीच आहे ना याची सकाळी उठून खात्री करतात. अशा घरात मी यीस्ट आणत होते.

शनिवारी सकाळी सुरुवात ओव्हन रिकामा करण्यापासून झाली. ओव्हन हे आमच्याकडे भांड्यांचं कपाट आहे. त्यातून दोन तवे निघाले, कढई, आप्पेपात्र, चकलीचा सोऱ्या आणि कुठल्याच पातेल्याला न बसणारं एक झाकण. सगळ्यात आत, दिव्याच्या उबेत, रविवारच्या इडलीचं पीठ बसलं होतं. बाहेर उणे पंधरा. स्वयंपाकघरात उबेची तेवढी एकच जागा, आणि तिच्यावर आता दोन पिठांचा दावा. आधी आलेल्याला उठवणं बरं दिसत नाही. शेवटी इडलीला खालच्या फळीवर सरकवलं.

घर गरम करायचा एक साधा उपाय होता, पण तो भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमध्ये होता, आणि थर्मोस्टॅट नवऱ्याच्या ताब्यात. गॅसचं बिल आल्यापासून त्याने काटा 18 वर आणून ठेवलाय. मी 22 करते, तो जाता जाता 18 करतो. संसाराची इतकी वर्षं आम्ही या चार अंशांत काढली आहेत. यीस्टला पंचवीसच्या पुढे कुठेतरी बरं वाटतं, असं मी त्याला समजावलं. "स्वेटर घाल म्हणावं," तो म्हणाला.

दूध 40 अंशांच्या आसपास हवं. साठीकडे झुकलं की यीस्ट मरतं, गार राहिलं की झोपून राहतं. मी करंगळी बुडवून अंदाज घेतला, मग तापमापी बुडवली, आणि करंगळीच खरी निघाली याचा आनंद कुणाला सांगायला गेले तर ऐकायला कोणी नव्हतं. इथला मैदा कडक गव्हाचा. त्यात चिवटपणा आपल्या मैद्याहून पुष्कळ जास्त. मळताना तो हाताला उलट उत्तरं देतो. दहा मिनिटांनी माझे खांदे बोलायला लागले, तेवढ्यात नवरा येऊन लोण्याच्या 454 ग्रॅमच्या वडीकडे बघत उभा राहिला. त्याच्या कोलेस्टेरॉलचा ताजा रिपोर्ट फ्रिजवर लावलाय, तोही मीच. "यातलं किती जाणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आजी म्हणतात जास्त. त्याने मनातल्या मनात माणशी भागाकार केला आणि उरलेली वडी उचलून नेली.

पीठ झाकलं, ओव्हनमध्ये ठेवलं. आता तासभर काही करायचं नाही.

दहाव्या मिनिटाला झाकण उघडलं गेलं. "फक्त वास घेतला," नवरा म्हणाला. मग चिरंजीवांनी बोट खुपसून पीठ परत वर येतं का ते बघितलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. तेवढ्यात कोल्हापूरहून आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्र झालेली, मालिका संपलेली, त्यामुळे तिला भरपूर वेळ. उंटावरून शेळ्या हाकायला मोबाईलइतकं सोयीचं साधन नाही. "फुगत नसेल तर सोडा घाल. सोडा नसेल तर इनो घाल. बघू दे जरा." मी उघडून दाखवलं. आईला पीठ दाखवायचं नाही म्हणजे काय? "फुगलं नाही गं अजून," ती म्हणाली, "तुमच्याकडे बेकरी नाही का?"

शेवटी मी आजींनाच बोलावून घेतलं. त्या आल्या, ओव्हनच्या दाराकडे पाठ करून खुर्ची टाकली आणि बसल्या. त्यानंतर आमच्यापैकी एकाचीही पुढे जायची छाती झाली नाही. आम्हाला गुंतवून ठेवायला त्यांनी गोष्टी सांगायला घेतल्या. 1985 साली इथल्या सरकारी अधिकाऱ्यांनी पॅटीवाल्यांना धरलं होतं. त्यांच्या नियमात पॅटी म्हणजे बर्गरमधली मांसाची चकती. आवरण असलेल्या पदार्थाला 'बीफ पॅटी' कसं म्हणता? दुकानदार हटले नाहीत, वर्तमानपत्रांत गाजलं, आणि शेवटी 'जमैकन पॅटी' म्हणा यावर तोडगा निघाला. इथे नवऱ्याने पहिल्यांदाच पॅटीची बाजू घेतली. सरकार खाण्यात पडलं की तो कुणाचीही बाजू घेतो.

"आणि तिच्यात हळद आली कुठून?" आजींनी त्याला विचारलं. 1845 च्या मे महिन्यात ब्लंडेल हंटर नावाचं जहाज भारतातून करारावरचे मजूर घेऊन जमैकातल्या ओल्ड हार्बर बेला लागलं. उसाच्या मळ्यांसाठी. त्यांच्या मसाल्यांची चव पुढे साऱ्या बेटाने उचलली. आवरणाची तऱ्हा इंग्रजांच्या पेस्टी नावाच्या, सारण भरून भाजलेल्या पदार्थाची, तिखट आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या हातचं. नवरा विचारात पडला. दादरच्या वड्यातही हळद असते, हे त्याच्या लक्षात येत असावं. तो बोलला काहीच नाही, पण तासभर थांबायला त्याची काही अडचण राहिली नाही.

पीठ दुप्पट झालं होतं. त्याचे दहा गोळे केले. इथून पुढे मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नव्हते, कारण आता लाटणं आलं. गोळा पुरीहून मोठा लाटायचा, वर पातळ केलेलं लोणी लावायचं आणि अर्ध्यात दुमडायचा. हे काम घडीच्या पोळीचंच: घडीत तेल लावलं की पदर सुटतात, तसं इथे लोणी लावलं की भाजल्यावर पाव मधोमध उघडतो आणि पॅटीला जागा होते. आजींनी माझा हात बघितला आणि मान हलवली. एवढ्या वर्षांच्या पोळ्यांना एवढी दाद सासरीसुद्धा मिळालेली नाही.

पुन्हा वीस मिनिटं विसावा. तोवर दोन्ही फळ्यांवरची पिठं बाहेर, इडलीवर रजई, ओव्हन 190 अंशांवर, आणि पाव मऊ राहावा म्हणून खाली ताटलीत गरम पाणी. सगळं नेटकं चाललं असताना कडेच्या दोन पावांतलं लोणी ओघळून ओव्हनच्या तळाला लागलं. आधी धूर आणि मग छतावरचा अलार्म. तो एकदा सुरू झाला की गल्लीतली कुत्री त्याला साथ देतात. नवरा खुर्चीवर चढून टॉवेल फडकवतोय, मुलगा खिडक्या उघडतोय, आई फोनमधून "काय जळतंय?" विचारतेय. ज्या गरम हवेसाठी नवरा थंडीभर अंशाअंशाने भांडला, ती सगळी दोन मिनिटांत रस्त्यावर निघून गेली. भिंतीवरचा काटा 13 दाखवत होता. आजी कोट घालून जागेवरच बसून होत्या.

पाव मात्र छान आले. वरून तांबूस, दाबला तर परत वर येणारे. आजींनी एक उचलला, घडीत अंगठा घालून उघडला. सरळ उघडला. वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या. आम्ही तिघं आणि फोनमधली आई त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"लोणी कमी पडलं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलं.

नवरा एक अक्षर न बोलता उठला, फ्रिज उघडला, मेथीच्या जुडीमागून वडी काढली आणि त्यांच्यासमोर आणून ठेवली.