लंगराचा फोटो आणि शाळेचं तळघर

आमच्या नांदेडची माणसं सचखंड एक्स्प्रेसनं उत्तरेला निघाली की घरचा डबा भरायच्या आधी एक रिकामा डबा पिशवीत टाकतात. दिल्लीला शिकायला होतो तेव्हा मीही टाकायचो. वाटेत मनमाडसारख्या स्टेशनांवर गुरुद्वाऱ्याचे सेवादार लंगराच्या, म्हणजे मोफत जेवणाच्या, बादल्या घेऊन उभे असतात. कधी कढी-चावल, कधी खिचडी, कधी छोले. गाडी थांबते तेवढ्यात डबा धरायचा, वाढून घ्यायचं. तू कोण, कुठला, कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी लाजून बसून राहिलो होतो, तर शेजारच्या सरदारजी काकांनी माझा डबा हिसकावून पुढे केला होता. त्यामुळे लंगराबद्दल माझं मन आधीच हळवं आहे, हे मान्य करून पुढचं लिहितो.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं घरदार सोडून निघालेल्या लोकांसाठी गुरुद्वारे उघडे ठेवले. राहायला जागा, जेवायला लंगर. माझ्या फीडवर दिवसभर तेच फोटो. मीही दोन शेअर केले, वर हात जोडल्याची खूण टाकून.

त्यात आश्चर्य काही नाही. गुरुद्वाऱ्यात मोठी भांडी, पिठाची पोती, गाद्या आणि रोज पहाटे उठून परशादे लाटणारी माणसं आधीपासूनच असतात. युद्ध झालं म्हणून नवीन काही उभं करावं लागत नाही. जी चूल रोज दोनशे माणसांची, तिच्यावर दोन हजारांचं शिजवायचं, एवढाच फरक. सरकारी मदतीला आधी आदेश लागतो, मग निविदा लागते. इथे फक्त डाळीत पाणी वाढतं.

पण जम्मू विभागातल्या पूंछ शहरात नेमकं काय झालं ते वाचत गेलो आणि हात जोडून मोकळं होणं जड जायला लागलं.

६-७ मेच्या मध्यरात्रीनंतर पूंछवर तोफगोळे पडायला लागले. हे शहर नियंत्रण रेषेला इतकं लागून आहे, की १९४७ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर ते वेढ्यात होतं, आत निर्वासित कोंबलेले, आणि धान्य-दारूगोळा डाकोटा विमानांनी पोचवावा लागला होता. २०२१ च्या शस्त्रसंधीनंतर तिथे जरा शांतता होती. त्या सकाळी एक गोळा मध्यवर्ती गुरुद्वाऱ्याच्या कोपऱ्यावर बसला. शहरातल्या शीख मृतांमध्ये कीर्तन करणारे एक रागीही होते. एक गोळा ख्राइस्ट स्कूलच्या मागे पडला. त्या शाळेत शिकणारी दोन मुलं गेली, घराजवळच. एका मदरशातले शिक्षक गेले. म्हणजे भीती वाटली की गाव ज्या दारांकडे धावतं, नेमकी तीच दारं.

आणि लोक लपले कुठे? परराष्ट्र सचिवांनी ९ मेच्या पत्रकार परिषदेत स्वतःच सांगितलं: पाद्री, सिस्टर, शाळेचे कर्मचारी आणि आसपासचे रहिवासी शाळेच्या तळघरातल्या हॉलमध्ये जाऊन बसले. या वाक्यावर मी अडकलो. स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या रचून ठेवायची ती जागा असणार. त्या दिवशी तोच शहराचा बंकर झाला.

कारण शहरात बंकर नव्हते. २०१७ च्या अखेरीस जम्मू विभागाच्या सीमापट्ट्यासाठी १४,४६० बंकर मंजूर झाले होते, सुमारे ४१५ कोटींचे. ते सीमेलगतच्या गावांसाठी धरले गेले. पूंछ शहर म्हणजे जिल्ह्याचं मुख्यालय, तिथपर्यंत मारा येईल असा हिशोब बहुधा कोणी केलाच नाही. मग गोळे आले तेव्हा लोक गाड्या काढून सुरणकोट, जम्मूकडे पळाले. ज्यांच्याकडे गाडी नाही ते जमेल तिथे.

माझं म्हणणं एवढंच आहे. गुरुद्वारा जेवायला घालेल, चर्चची शाळा तळघर उघडेल, हे आपण इतकं गृहीत धरलंय की बंकर का नव्हते हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. सेवेचं कौतुक करणं स्वस्त आहे. आपल्याकडे पूर आला की हेच. मठ-मंदिरांच्या अन्नछत्रांच्या बातम्या पहिल्या पानावर, आणि पूररेषेत बांधकामाला परवानगी कोणी दिली ते चौथ्या पानावर, तेही आलं तर. छत्रवाल्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी खिचडी शिजवावी की पूररेषा मोजत बसावं?

आता माझी लाज वाटणारी गोष्ट. त्या मदरशातल्या शिक्षकांचा फोटो एका वाहिनीनं ‘अतिरेकी ठार’ म्हणून चालवला. ती क्लिप मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली, खाली ‘बरं झालं’ असं लिहून. पूंछ पोलिसांनी खुलासा केला, की हे स्थानिक धार्मिक शिक्षक होते, दहशतवादाशी त्यांचा काही संबंध नव्हता, गोळीबारात गेले. पुढे पूंछच्या न्यायालयानं वाहिन्यांवर गुन्हा नोंदवायचा आदेशही दिला. मदरसासुद्धा धर्माच्या नावानं देणगी घेऊन पोरांना ठेवून घेणारी, जेवू घालणारी, शिकवणारी जागा. गुरुद्वारा करतो तेच, चर्चची शाळा करते तेच. सचखंडमध्ये जात न विचारता वाढलेलं चार वर्षं खाल्लेल्या माणसानं त्या एका फोटोतली दाढी-टोपी बघून चौकशी न करता निकाल दिला होता.

खुलासा वाचल्यावर क्लिप डिलीट केली आणि ग्रुपवर सरळ लिहिलं, की मी टाकलं ते खोटं होतं, ते गृहस्थ शिक्षक होते. क्लिपला अकरा अंगठे आले होते. या मेसेजला दिवसभर काहीच नाही. रात्री आत्याचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. ठेवता ठेवता म्हणाली, “अरे, त्या मास्तरांना लेकरं होती का रे?”