‘गणित नाही तर समज नाही’ हे खरं नाही

दहावीच्या निकालानंतर बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तांत्रिक विषय म्हणजे गणितच, सूत्र मांडता येत नसेल तर काही कळलेलंच नाही, म्हणून गणितात कच्च्या मुलांनी डिप्लोमाच्या नादी लागू नये, असं त्यात म्हटलंय. हे वाचून एखादं पोर फॉर्मच भरणार नाही, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ‘सूत्र नाही तर समज नाही’ हे घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, जाऊन साचे करणाऱ्या मिस्त्रींना विचारा, रायझर (साच्यात जॉबला जोडून ठेवलेला वितळलेल्या धातूचा जादा साठा) इथंच का ठेवला? ते जॉबच्या, म्हणजे ओतायच्या वस्तूच्या, जाड भागावर बोट ठेवतील. ‘ह्यो भाग शेवटाला गोठतोय. गोठताना आकसतोय, मग त्याला वरनं माल मिळाया पायजे. रायझर आधी गोठला तर आत पोकळी पडली म्हणून समजा.’ यात एकही समीकरण नाही, पण कारण पूर्ण आहे. जॉबचा आकार बदलला तरी ते रायझरची नवी जागा सांगतील. समज यालाच म्हणायचं. गोठायला लागणारा वेळ आकारमान भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा च्वोरिनोव्हचा नियम 1940 चा. माणूस धातू ओततोय हजारो वर्षं.

‘मोठे शोध गणितातूनच लागतात’ हा त्या मेसेजमधला दुसरा मुद्दा. मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा, उमेदवारी केली पुस्तकबांधणीची, उच्च गणित त्याला येत नव्हतं. 1831 मध्ये त्यानं विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं तारेत वीज निर्माण होते हे, दाखवलं. जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतात. चुंबकाभोवतीचा जोर दाखवायला त्यानं कल्पिलेल्या बलरेषांना गणिताचं रूप दिलं ते पुढं भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं. 1857 च्या पत्रात फॅरेडेनं मॅक्सवेलला विचारलंही होतं, की गणितज्ञांचे निष्कर्ष साध्या भाषेतही तितकेच पूर्ण मांडता येणार नाहीत का?

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे. ‘किती’ हा प्रश्न आला की गणिताला पर्याय नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 50 चा 100 मिलिमीटर केला तर त्याच दाबाला जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तेलही चौपट लागतं, म्हणजे त्याच पंपावर तो चौपट हळू सरकतो. हे अंदाजानं ठरवाल तर मशीन वाया जाईल. क्वांटम यांत्रिकीसारख्या विषयात तर गणिताशिवाय फार आत शिरताच येत नाही. पण म्हणून डिप्लोमाचं दार बंद करायचं? व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, हे शाळेतलंच गणित आहे, आणि सिलिंडर समोर असला की ते डोक्यात बसतं.

आपल्याकडं मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी इंग्रजी आणि सूत्रं एकदमच अंगावर येतात. पोरं पाठांतराला लागतात, आणि आपण म्हणतो गणित कच्चं आहे. त्यांना आधी फाउंड्रीत न्या, रायझर दाखवा, पोकळी पडलेला जॉब कापून दाखवा. च्वोरिनोव्ह त्यानंतरच्या तासाला शिकवा.