‘क्रियापद दिसलं की क्लॉज’ हा नियम मुलांना शिकवू नका

ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या इंग्रजी व्याकरणाचा एक संदेश फिरतोय. त्यातले नियम असे: क्रियापद असेल तर क्लॉज (उपवाक्य), नसेल तर फ्रेज (नुसता शब्दसमूह), लांब तो क्लॉज, आखूड ती फ्रेज, ‘आफ्टर’, ‘व्हेन’, ‘सिन्स’ आलं की सबऑर्डिनेट क्लॉज (दुसऱ्यावर अवलंबून असलेलं गौण वाक्य), आणि मेन क्लॉज (मुख्य वाक्य) नेहमी आधी. कळव्यात मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलं हेच पाठ करून आली, म्हणून लिहितेय.

पहिला नियम सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. ‘स्टँडिंग ऑन द प्लॅटफॉर्म’मध्ये क्रियापद दिसतंच. पण कोण उभं, कधी उभं, हे कळत नाही, म्हणून ती फ्रेज. ‘टू कॅच द लोकल’चंही तेच. ‘ही वॉज स्टँडिंग’ म्हटलं की कर्ता आला, काळ आला. आता तो क्लॉज झाला. (‘स्टॉप!’सारख्या आज्ञेत कर्ता अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत, असतो.)

आपल्या मुलांची खरी अडचण निराळीच आहे आणि संदेशात तिचा पत्ताही नाही. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ हे मराठीत केवल वाक्य, म्हणजे एकच विधान असलेलं. ‘थांबल्यावर’ हे धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेला शब्द, पूर्ण क्रियापद नव्हे. इंग्रजीत मात्र ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’. तिथे ‘स्टॉप्ड’ला स्वतःचा भूतकाळ आहे, म्हणजे वाक्य मिश्र झालं, एक मुख्य आणि एक गौण. मुलगी मनात मराठी वाक्य धरते, तिला एकच विधान ऐकू येतं आणि ती ‘फ्रेज’ लिहून मोकळी होते. तिला आधी ‘जेव्हा पाऊस थांबला, तेव्हा आम्ही निघालो’ असं म्हणायला लावा. दोन्ही क्रियापदं लगेच दिसतात.

लांबीचा तर संबंधच नाही. ‘द फर्स्ट मॉर्निंग लोकल फ्रॉम ठाणे टू वाशी’ ही आठ शब्दांची फ्रेज. ‘इट स्टॉप्ड’ हा दोन शब्दांचा मेन क्लॉज.

‘आफ्टर लंच’, ‘सिन्स मंडे’ या फ्रेज, ‘आफ्टर वी एट’ हा क्लॉज. पहिल्या शब्दावर अडू नका, पुढे काय येतं ते बघा. ‘व्हेन डज द ट्रेन लीव्ह?’ हा स्वतंत्र प्रश्न आहे, म्हणून ‘व्हेन’ असूनही मेन क्लॉज.

राहिला क्रम. वर ‘वी लेफ्ट’ शेवटी आलंय, तरी मेन क्लॉज तोच. ‘द बॉय हू लिव्ज इन ऐरोली कम्स बाय ट्रेन’ यात तर सबऑर्डिनेट क्लॉज मेन क्लॉजच्या पोटात आहे. ‘हू लिव्ज इन ऐरोली’वर बोट ठेवून झाका आणि उरलेलं वाचा: ‘द बॉय कम्स बाय ट्रेन’.